मोटारगाडीतील दोषनिदान

मोटारगाडीचे एंजिन आणि त्याची शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणारी प्रेषण यंत्रणा (क्लच, दंतचक्र पेटी, प्रचालक दंड व विभेदी दंतचक्र) यांत उत्पन्न झालेल्या बिघाडाचे मूळ, भाग न उकलता किंवा शक्य तितके कमी उकलून, लक्षणांवरून शोधून काढण्याच्या पद्धतीस दोषनिदान म्हणतात. ही संज्ञा वैद्यकातून आलेली असून तिच्यातील अडचणही वैद्यकासारखीच आहे : एकच लक्षण अनेक दोषांमुळे दिसते आणि एकाच दोषाची लक्षणे गाडीच्या वयानुसार, भारानुसार व तापमानानुसार बदलतात. घसरणारा क्लच, अडकलेले गतिरोधक आणि गळणारी झडप या तिन्हींची तक्रार चालकाच्या तोंडी ‘गाडी ओढत नाही’ अशीच येते. जुन्या गाडीत हा प्रश्न विशेष बिकट होतो, कारण तीत बहुधा एकच दोष नसतो. चुकीच्या निदानाचा खर्च पुष्कळदा मूळ दोषाच्या खर्चाहून अधिक भरतो. एंजिन विनाकारण उघडल्यास एकमेकांशी रुळलेले भाग विस्कळित होतात व नवे दोष निर्माण होतात.

प्रारंभ : कार्ल बेंझ (१८४४–१९२९) यांनी त्यांच्या तीनचाकी गाडीच्या एकस्वासाठी २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला. पहिल्या लांब प्रवासातच दोषनिदानाची गरज उघड झाली. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ (१८४९–१९४४) या पतीला न सांगता दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून सु. १०० किमी.वरील फोर्ट्‌सहाइम येथे गेल्या. वाटेत इंधनमार्ग तुंबला असता त्यांनी तो टोपीच्या पिनेने मोकळा केला, प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजल्याचे ओळखून मोज्याच्या बंधाने ती निरोधित केली, ताणलेली साखळी लोहाराकडून दुरुस्त करून घेतली आणि गतिरोधकाच्या झिजलेल्या लाकडी ठोकळ्यांवर मोच्याकडून चामडे बसविले. इंधन म्हणून लागणारे लिग्रोइन व्हीसलोखच्या औषधालयातून विकत घ्यावे लागले. चढावर मात्र गाडी ढकलावी लागली. हा बिघाड नसून रचनेतील उणीव आहे, हे त्यांनी अचूक हेरले व चढासाठी आणखी एक कमी गतीचा टप्पा असावा, असे पतीस सुचविले; त्याप्रमाणे गाडीत सुधारणा झाली. या प्रवासाचे वर्णन सामान्यतः साहसकथा म्हणून केले जाते. तथापि झिजेमुळे झालेला दोष आणि मूळ आराखड्यातील दोष यांत भेद करणे हे दोषनिदानाचे पहिले काम असून त्या दृष्टीनेही हा प्रवास लक्षणीय ठरतो.

आरंभीच्या काळात चालक व कारागीर ही एकच व्यक्ती असे. चालक या अर्थी रूढ झालेल्या ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच भट्टी पेटविणारा असा आहे. हेन्री फोर्ड यांच्या ‘टी’ नमुन्याच्या गाडीमुळे (१९०८–२७) ही विद्या सामान्य शेतकऱ्याच्या हाती गेली. दीड कोटीहून अधिक संख्येने निघालेल्या या गाडीत चारही सिलिंडरांसाठी स्वतंत्र प्रवर्तन वेटोळी चालकासमोरील पेटीत बसविलेली असत व प्रत्येकावर गुणगुणणारी एक कंपनपट्टी असे. एंजिन अडखळू लागले, की एकेक पट्टी बोटाने दाबून धरावयाची. पट्टी दाबताच एंजिन अधिक मंदावले, तर तो सिलिंडर ठीक समजावयाचा. काहीच फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर आधीपासून निकामी होता असे ठरत असे. एक घटक वगळून उरलेल्यांवर होणारा परिणाम पाहण्याची ही पद्धत पुढे एकेका ठिणगी गुडदीचे टोक काढून पाहण्याच्या रूपाने शतकभर टिकली. याच गाडीची ग्रहमालिका प्रेषण यंत्रणा पट्ट्यांच्या आवळणीवर चाले. कमी गतीचा पायटा दाबूनही गाडी पुढे सरकेना, तर ती पट्टी सैल झालेली असे. उलट थंडीत हातदांड्याने एंजिन सुरू करताच गाडी अंगावर येऊ लागली, तर दोष पट्टीचा नसून क्लचच्या चकत्यांना चिकटवून धरणाऱ्या दाट तेलाचा असे.

ठोक्याचे कोडे : दोषनिदानाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद आणि सर्वांत महाग पडलेले प्रकरण एंजिनातील ठोक्याचे आहे. चढावर किंवा भाराखाली असताना एंजिनातून खणखणीत ठोके ऐकू येत, शक्ती घटे व कधी दट्ट्या तडकत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) यांनी विद्युत् घटमालेवर चालणारी प्रज्वलन पद्धती व विद्युत् प्रारंभक (कॅडिलॅक, १९१२) प्रचारात आणल्यावर या ठोक्याचे खापर त्यांच्या नव्या प्रज्वलनावर फोडण्यात आले. ठिणगी वेळेआधी पडते वा तप्त काजळीमुळे मिश्रण अकाली पेटते, असा समज होता. केटरिंग यांचे सहकारी टॉमस मिज्ली (१८८९–१९४४) यांनी १९१६ पासून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. सिलिंडरातील दाबाची आरशाच्या साहाय्याने प्रकाशरेषेत नोंद घेता येईल असे उपकरण त्यांनी वापरले आणि ठोका ठिणगीच्या आधी नव्हे, तर ठिणगीनंतर, ज्वलन चालू असताना होतो, असे दाखवून दिले. दोष प्रज्वलनाचा नव्हता, इंधनाचा होता. ठिणगीपासून पसरत जाणाऱ्या ज्वालेपुढे उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने एकदम पेट घेते व दाबाची तीव्र लाट निर्माण होते. ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) यांनीही स्वतंत्रपणे याच दिशेचे विवेचन केले.

यापुढील टप्पा मौजेचा आहे. इंधनास लाल रंग दिल्यास ते उष्णता अधिक शोषील व लवकर बाष्परूप होईल, अशा कल्पनेने मिज्ली यांनी त्यात आयोडीन मिसळले आणि ठोका थांबला. मग इतर लाल रंग वापरून पाहिले. त्यांचा काहीच उपयोग झाला नाही. उलट रंगहीन आयोडीन संयुगे गुणकारी ठरली. उपपत्ती चुकीची होती, उपाय मात्र लागू पडला होता. अनेक संयुगांच्या चाचण्यांनंतर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणातही प्रभावी असल्याचे आढळले व फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायओ राज्यातील डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री सुरू झाली. शिशाचे विषारीपण तेव्हाही ज्ञात होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले. तरीही विक्री थोड्याच खंडानंतर पुन्हा सुरू झाली आणि पुढील अनेक दशके जगभरच्या रस्त्यांवर शिसे सांडत राहिले. भारतात २००० मध्ये शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले; जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री थांबविली. निदान अचूक असूनही त्यावर योजिलेला उपचार रोगाहून घातक ठरू शकतो, याचे यापेक्षा मोठे उदाहरण यंत्रविद्येत सापडणे कठीण आहे. ठोका मोजण्यासाठी आयसोऑक्टेन व हेप्टेन यांच्या मिश्रणावर आधारलेले ऑक्टेन मान ग्रॅहॅम एड्‌गर यांनी १९२६ मध्ये सुचविले व ते आजही वापरात आहे.

आवाजावरून निदान : उपकरणे सुलभ होण्यापूर्वी व नंतरही कारागिराचे मुख्य साधन कान हेच राहिले. लांब पेचकसाचे टोक एंजिनाच्या ठोकळ्यावर ठेवून मूठ कानाला लावली, तर धातूतून येणारा ध्वनी हवेतील गोंगाटापासून वेगळा ऐकू येतो. डॉक्टरी श्रवणनलिका हे त्याचेच सुधारलेले रूप होय. आवाजाची लय ही त्याच्या तीव्रतेहून महत्त्वाची असते. चार धावांच्या एंजिनात प्रत्येक झडप भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडते. म्हणून मिनिटाला ८०० फेरे घेणाऱ्या एंजिनात सैल झडपेची टिकटिक सेकंदाला सु. ७ वेळा, तर भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यास होणारा आवाज सु. १३ वेळा ऐकू येतो. एंजिनाच्या निम्म्या गतीने येणारा हलका आवाज झडपांच्या बाजूचा, हा नियम अनुभवी कारागीर गणित न करता पाळतो.

संयोगदांड्याच्या मोठ्या टोकाचा धारवा झिजला असता बेताच्या गतीवर, विशेषतः प्रवेगक सोडण्याच्या क्षणी, कडक ठोका येतो व त्या सिलिंडराची ठिणगी तोडल्यास तो स्पष्टपणे कमी होतो. भुजादंडाच्या मुख्य धारव्याचा आवाज खोल व जड असून तो भाराखाली वाढतो. एकच ठिणगी तोडल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. या दोन्हींसोबत वंगण तेलाचा दाब घटलेला आढळतो. एंजिन थंड असताना वाजणारा व तापल्यावर मावळणारा पोकळ आवाज मात्र सिलिंडरात सैल झालेल्या दट्ट्याचा असतो आणि त्याने गाडी वर्षानुवर्षे चालू शकते. पहिल्या आवाजाकडे दुर्लक्ष केल्यास संयोगदांडा तुटून ठोकळा फुटतो, तर शेवटच्या आवाजाला घाबरून एंजिन उघडणे हा निव्वळ अपव्यय होय. निष्कास धुराचा रंगही असाच वाचावा लागतो. निळा धूर वेग वाढविताना आला तर दट्ट्याची कडी, उतारावर एंजिनाच्या रोधाने गाडी उतरल्यानंतर पुन्हा प्रवेगक दाबताच आला तर झडपांचे मार्गदर्शक संशयास्पद ठरतात. काळा धूर अतिरिक्त इंधनाचा आणि तापलेल्या एंजिनातही न थांबणारा पांढरा धूर सिलिंडरात शिरणाऱ्या पाण्याचा निदर्शक असतो.

प्रेषण यंत्रणेतील दोष : एंजिनाची गती, गाडीची गती, भार व निवडलेला गिअर यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि आवाज कोणाच्या मागे जातो ते पाहावयाचे, हे येथील मूलतत्त्व आहे. गाडी उभी, गिअर तटस्थ व एंजिन चालू असता येणारा घरघराट क्लच दाबताच थांबला, तर दोष दंतचक्र पेटीच्या आदान दंडाच्या वा प्रतिदंडाच्या धारव्यांत असतो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लच सोडविणारा धारवा झिजलेला असतो. चालत्या गाडीत खालच्या सर्व गिअरांत येणारा आवाज शेवटच्या गिअरात नाहीसा होत असेल, तर प्रतिदंडाकडे पाहावे. कारण जुन्या मागील चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत शेवटचा गिअर थेट जोडलेला असून त्यात प्रतिदंडावर भार नसतो. गिअर आपोआप सुटणे हे निवडक काट्याच्या, खाचेतील स्प्रिंगच्या किंवा दंडाच्या सैलपणाचे लक्षण आहे. एंजिनाचे फेरे वाढतात पण गाडीचा वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. हातगतिरोधक लावून, वरच्या गिअरात क्लच हळूहळू सोडल्यास निरोगी क्लच एंजिन बंद पाडतो. घसरणारा पाडत नाही.

समकालक यंत्रणा (कॅडिलॅक, १९२८) येण्यापूर्वी गिअर बदलताना होणारी करकर ही चालकाची चूक की यंत्राचा दोष, हे ठरविणे अवघड असे. समकालकामुळे निदान सोपे झाले : करकर एकाच गिअरात झाली तर समकालक कडी झिजलेली, सर्वच गिअरांत व विशेषतः मागील गतीत झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. स्वयंचलित प्रेषण (ओल्ड्झमोबिलची हायड्रामॅटिक, १९४० चा नमुना) आल्यावर तेलाची पातळी, रंग व करपट वास ही पाहण्याची नवी लक्षणे ठरली.

दाबमापक उपकरणे : ठिणगी गुडदीच्या जागी दाबमापक बसवून संपीडनाचा दाब पाहण्याची चाचणी साधी पण निर्णायक आहे. येथे मूळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील परस्पर फरक महत्त्वाचा असतो. दाब कमी आढळल्यास सिलिंडरात चमचाभर तेल सोडून चाचणी पुन्हा करतात. दाब वाढला तर कड्या, न वाढला तर झडप दोषी मानतात. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवीत असतील, तर त्यांच्यामधील शीर्ष गॅस्केट जळालेले असते. अंतर्ग्रहण नळीतील निर्वात मोजणारे उपकरण त्याहून बोलके आहे. निरोगी एंजिनात काटा समुद्रसपाटीला सु. ४३ ते ५३ सेंमी. पाऱ्यावर स्थिर राहतो. ठरावीक अंतराने बसणारा झटका एका झडपेचा, तर हळूहळू मागेपुढे होणारा काटा कार्ब्युरेटरमधील मिश्रणाचा दोष दाखवितो. दर ३०० मी. उंचीस हे मान सु. २.५ सेंमी.ने घटते, मुंबईचा आकडा महाबळेश्वरास जसाच्या तसा लावणारा कारागीर चांगल्या एंजिनालाही आजारी ठरवील.

भारतातील स्थिती : वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० (१,०८९ घ. सेंमी.), हीच पुढे १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी, आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील अँबॅसडर (पुढे १,४८९ घ. सेंमी.) या दोन गाड्यांनी भारतातील दोषनिदानाची परंपरा घडविली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा, आयातीवर निर्बंध आणि सुट्या भागांची टंचाई यांमुळे येथे गाडी टाकून देण्याचा प्रश्नच नसे. सिलिंडर पुनःपुन्हा छिद्रून मोठ्या मापाचे दट्ट्ये बसवीत, भुजादंड घासून लहान मापाचे धारवे घालीत व एकच एंजिन तीन-चार वेळा नवे करीत. अशा एंजिनाला कारखान्याच्या पुस्तिकेतील मापे लागू पडत नसत. त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असलेला मिस्त्रीच त्याचा खरा वैद्य असे. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावरील जुन्या सुट्या भागांचा बाजार या व्यवहाराचा आधार होता.

हवामानानेही काही दोष एतद्देशीय केले. उन्हाळ्यात रहदारीत अडकलेल्या फियाटच्या इंधन पंपात पेट्रोलाची वाफ होऊन प्रवाह तुटे. पंपावर ओले फडके टाकल्यावर गाडी सुरू झाली, की निदान व उपचार एकदमच होत. पावसाळ्यात वितरकाच्या टोपीत ओल शिरून गाडी ‘मिसिंग’ मारू लागे. सुकाणू-दांड्यालगतच्या गिअर दांडीच्या सांध्यांतील झीज फियाटमध्ये इतकी सार्वत्रिक होती, की गिअर पडत नाही म्हणून दंतचक्र पेटी उतरविण्यापूर्वी दांडीचे सांधे तपासणे हा शहाणपणाचा पहिला धडा समजला जाई. पेट्रोलात रॉकेलची भेसळ झाल्यास ऑक्टेन मान उतरून ठोका येई आणि अनभिज्ञ कारागीर ठिणगीची वेळ मागे सरकवून तो झाकीत असे. त्यामुळे एंजिन तापे व शक्ती घटे, आणि भेसळ मात्र तशीच राही. केंद्रीय मोटारवाहन नियमांनी (१९८९) पेट्रोल गाड्यांच्या निष्कासातील कार्बन मोनॉक्साइडवर मंद गतीस ३ टक्क्यांची मर्यादा घातल्यावर वायुविश्लेषक पेट्रोल पंपापंपांवर आले. ते निदानाचे उत्तम साधन होते, परंतु त्याचा उपयोग प्रायः प्रमाणपत्रापुरताच झाला. मुंबईतील टॅक्सी मोठ्या प्रमाणावर दाबयुक्त नैसर्गिक वायूवर वळल्यानंतर झडपांची बैठक झिजून झडपांमधील अंतर कमी होण्याचा दोष वाढला. तो फसवा असतो, कारण अंतर कमी झालेली झडप वाजत नाही. ती मुकाट्याने जळते.

इलेक्ट्रॉनीय निदान : फोक्सवॅगनने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपण व १९७१ मध्ये निदानयंत्र जोडण्याची खोबण आपल्या गाड्यांत आणली. कॅलिफोर्नियात १९८८ पासून व त्याच्या सुधारित रूपात १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत गाडीनेच आपले दोष ओळखून संकेतांकाने नोंदविणे बंधनकारक झाले. यामागे दुरुस्तीची सोय नव्हे, तर हवेच्या प्रदूषणाची चिंता होती. भारतात अशी यंत्रणा २०१० पासून व अधिक परिपूर्ण रूपात २०१३ पासून आवश्यक झाली. पी ०३०१ हा संकेतांक पहिल्या सिलिंडरात ज्वलन चुकल्याचे सांगतो. भुजादंडाची गती प्रत्येक स्फोटागणिक क्षणभर वाढते, ती वाढ कोठे चुकली हे संवेदक मोजतो. अडखळणाऱ्या एंजिनाची लय ऐकणारा कान हेच करीत होता. मात्र ज्वलन का चुकले, ठिणगीमुळे, इंधनामुळे की गळक्या झडपेमुळे, हे संकेतांक सांगत नाही. मिश्रण विरल असल्याचा संकेतांक मिळताच प्राणवायू संवेदक बदलणे व दोष नळीच्या तडकलेल्या रबरात असणे, हे आजच्या कर्मशाळांतील नित्याचे दृश्य आहे. लक्षणाला कारण समजण्याची ही चूक केटरिंग यांच्या टीकाकारांनी केलेल्या चुकीच्याच जातीची म्हणावी लागेल.

अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीचे त्यापूर्वीच, २००० च्या सुमारास संपले होते. तिच्या टॅक्सी २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे घटत जाऊन ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. खाजगी मालकांनी जतन केलेल्या गाड्या अजून धावतात. त्यांना निदानयंत्र जोडण्याची खोबण नाही. ठिणगीचे टोक काढून एंजिनाची लय ऐकणारा मिस्त्रीच त्यांना लागतो.